पाच लिटर कोंढवा

कोंढव्याबद्दल मत नसलेला माणूस कसबा पेठेत शोधून सापडणार नाही. कोंढवा पाहिलेला माणूसही सहसा सापडत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, अशी शंकाही आमच्या पेठेत कुणाला येत नाही. माझे चुलते शमशुद्दीन चाचा तर या बाबतीत पेठेचे मेरुमणी.

चाचा बाइंडर आहेत. वय अडुसष्ट. कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, वकिलांच्या फायली, कुणाची तरी जुनी पोथी, असं सगळं त्यांच्या तळमजल्यावरच्या दुकानात शिवलं जातं. त्यांनी बांधलेल्या पुस्तकाची पानं फाटतील पण शिवण सुटणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्याबद्दल मान्य करण्यासारखं एवढंच आहे.

दुकानाच्या वर दोन जिने चढून गेलं की घर. जिना कसला, शिडीच ती. धरायला कठडा नाही, वरच्या तुळईला बांधलेला एक दोर लोंबतो. माझी चाची मदिनाबी बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. चौदा महिन्यांपूर्वी ती डॉक्टरांकडे जायला म्हणून शेवटची खाली उतरली, तेव्हा वर येताना मधल्या पायरीवर बसून रडली. त्यानंतर उतरलीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लिफ्ट असलेलं घर बघा. चाचांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. मान डोलवायला गुडघे लागत नाहीत.

तेव्हापासून मंडईतून भाजी आणायचं काम चाचांकडे. वांगं दाबून बघायचं असतं, हे त्यांनी शिवलेल्या कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसावं. चाची वांगं चिरायची, किडकं निघालं की बाजूला ठेवायची, बोलायची नाही. एकदा फक्त मला म्हणाली, एकवार आपल्या हातानं भाजी निवडायची आहे. जगाकडून तिची एवढीच मागणी होती.

माझा चुलतभाऊ अरबाज आयटीत आहे. त्यानं कोंढव्यात भाड्याचा फ्लॅट शोधला. चौथा मजला, लिफ्ट, आणि फाटकाबाहेर रोज सकाळी भाजीच्या हातगाड्या. तो, चाचा आणि चाची, तिघांनी तिथं राहायचं, चाचांनी बसनं दुकानाला यायचं. घरमालक महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबायला तयार होता. अरबाज म्हणाला, अब्बा, डिसिजन घ्या. चाचांनी डिसिजन घेण्याऐवजी चौकशी सुरू केली.

ही चौकशी अकरा दिवस चालली आणि त्यात चाचा कोंढव्याला एकदाही गेले नाहीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते विचारायचे, कोंढवा कसा आहे हो? गिऱ्हाइकही पुण्याचंच. माहीत नाही, हे दोन शब्द उच्चारण्यापेक्षा ते जीभ चावून घेईल. कुणी म्हणालं तिथं रस्तेच नाहीत, कुणी म्हणालं रस्ते आहेत पण गाड्या इतक्या की चालता येत नाही. कुणी म्हणालं तिथली वस्ती वाईट, कुणी म्हणालं तिथं आता सगळे बडे लोक, तुमच्यासारख्याला परवडायचं नाही. चाचांनी या सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवला. पेपरात चोरीच्या बातमीत कोंढवा आला की लाल पेन्सिलीनं खूण व्हायची. कसब्यातली चोरी आली की पान उलटायचं.

शेजारच्या गिरणीवाल्या दिगंबर काकांनी मात्र चौकशी एका वाक्यात संपवली. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ते म्हणाले, "जा की. तिकडं सगळी तुमचीच माणसं आहेत."

आमच्या घरात अर्धी दखनी, अर्धी मराठी चालते, पण चाचांना राग आला की ते एकदम शुद्ध मराठीत शिरतात. "अहो दिगंबरराव," ते म्हणाले, "पन्नास वर्षं आम्ही आपल्याकडून दळण नेतो आहोत. मग आपण कोणाची माणसं?"

काका ब्रशनं जात्याभोवतीचं पीठ गोळा करत राहिले. मी दळणाचा डबा घेऊन तिथंच उभी होते. ते वाक्य मलाही लागलं, अजून लागतं. त्या क्षणी मी पूर्णपणे चाचांच्या बाजूची होते. पण दिगंबर काकांच्या वाक्याची शिक्षा चाचीच्या गुडघ्यांनी का भोगायची, हे मला कुणी समजावून सांगावं. तसं मी चाचांना विचारलं. त्यांनी मला सांगितलं की शाळेत मराठी शिकवणं वेगळं आणि जग कळणं वेगळं.

मग एक दिवस ते हर्षभरित होऊन वर आले. कुणीतरी सांगितलं होतं की तिकडं टँकरचं जड पाणी येतं आणि त्यात डाळ शिजत नाही. अकरा दिवस चाची हे पुराण निमूटपणे ऐकत होती. आता तिनं पहिल्यांदा मान वर केली. चाची लोणी काळभोरची. ती सांगते, त्यांच्याकडं मुलगी द्यायची तर मुलाच्या आधी तिथलं पाणी बघून यायचे.

"मानसं कशी का असंनात," ती म्हणाली. "पानी कसं हाय ते बघा. त्या घरातल्या नळाचं पानी मला आनून द्या. डाळ शिजली तर जायाचं. न्हाई शिजली तर मी हितंच मरंन, पुन्यांदा नाव काढायची न्हाई."

अरबाज तेव्हा ऑफिसच्या कामाला हैदराबादला होता. मी म्हटलं, शाळा सुटली की मी आणते. तर चाचा झटक्यात म्हणाले, नको, मीच जातो, किल्ली वॉचमनकडे आहेच. जो माणूस अकरा दिवसांत बसस्टॉपपर्यंत गेला नव्हता, तो स्वतःहून जायला निघाला. मला वाटलं, पाझर फुटला. जगाबद्दल चाचांनी मला जे सुनावलं होतं ते त्या दिवसापुरतं खरं ठरलं.

बुधवारी सकाळी दहाला पाच लिटरचा कॅन घेऊन ते गेले आणि एकला परत आले. घामाघूम, पायरीपायरीला थांबत, दोराला लोंबकळत त्यांनी कॅन वर आणला. मग कोंढव्याचं वर्णन. बसमधली गर्दी, उकरलेले रस्ते, वाटेत आडवी आलेली म्हैस. म्हशीचं एक शिंग तुटलेलं होतं हेसुद्धा सांगितलं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी असल्यामुळे मी त्यांच्याकडेच होते. चाचीनं दोन पातेली चढवली. दोन्हींत सारखीच तूरडाळ, एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात कॅनमधलं. कुकर नको म्हणाली, कुकरात सगळंच शिजतं. पाऊण तासात पहिल्या पातेल्यातली डाळ मेणासारखी झाली. दुसऱ्यातली दीड तासानंतरही टणक. चाचांनी त्यातला एक दाणा दोन नखांत धरला आणि उपनगरं या विषयावर आम्हाला व्याख्यान दिलं. ते संपवून विजयी मुद्रेनं खाली गेले.

ते गेल्यावर चाचीनं कॅनमधलं अर्धी वाटी पाणी माझ्यापुढं धरलं. चाखून बघ म्हणाली. मी एक घोट घेतला. खारट, आणि मागून लोखंडाची चव. हे पाणी मी लहानपणापासून ओळखते. आमच्या बोळाच्या तोंडाशी हापसा आहे, त्याचं पाणी. त्यानं लोक गाड्या धुतात आणि फरश्या पुसतात. चाचीनं तीस वर्षं त्या पाण्यात कपडे धुतले आहेत. चाचांना वाटलं, तिला ओळखू येणार नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि या माणसाला एवढीसुद्धा आपली बायको माहीत नव्हती.

मी तरातरा जिन्याकडे निघाले. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. चाचीनं माझी ओढणी धरली.

"गप बस," ती म्हणाली. "त्यांला सोताहून बोलू दे. रविवारपातुर वाट बघू."

मी गप्प बसले. पण चाचीनं वाट बघताना हात रिकामे ठेवले नाहीत. पाणी एवढं लांबून आणलंय, वाया कशाला घालवायचं, असं म्हणून तिनं कॅन ओट्यावर घेतला आणि फक्त चाचांचा स्वयंपाक त्या पाण्यात सुरू केला. गुरुवारी सकाळचा चहा त्याचाच. त्याच्यावर राखी साय धरली. दुपारी डाळ. शाळेतून येऊन मी मुद्दाम समोर जेवायला बसले. प्रत्येक घासाला त्यांच्या दाताखाली कट्कन वाजायचं आणि चाची विचारायची, अजून वाढू का? नको म्हणायला काही कारण द्यावं लागलं असतं. ते खात होते.

शुक्रवारी नमाजहून आले ते पोटाला हात लावून. आज डाळ नको म्हणाले. कोंढव्याचं पाणी बाधलं का, चाचीनं विचारलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. पण त्यांनी मान डोलावली, खाली गेले आणि दिगंबर काकांना सांगितलं की कोंढव्याचं पाणी पोटाला वाईट, स्वतः अनुभव घेतला. काकांनी मग ती गोष्ट दळणाबरोबर घरोघर वाटली. ज्याला पेठेचा अनुभव म्हणतात तो हा असा तयार होतो.

शनिवारही तसाच गेला. रविवारी सकाळी अरबाज हैदराबादहून आला. घरमालकाला बारापर्यंत कळवायचं होतं. सगळे बसलेले असताना चाचीनं कॅन उपडा केला, शेवटचं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला चाचांपुढं ठेवला.

"घ्या. संपलं," ती म्हणाली. "अजून लागलं तर हापसा खालीच हाय."

अरबाजला काही कळेना. चाचांनी माझ्याकडं बघितलं. चार दिवस साठवलेलं जे काही माझ्या डोळ्यांत होतं ते त्यांना नीट वाचता आलं असावं, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली.

"तुला कधी कळलं?"

"पयल्या घोटाला."

"मग बोलली का नाहीस?"

चाचीचा आवाज जराही चढला नाही. "चौदा महिनं झालं," ती म्हणाली, "मला दोन जिनं खाली न्यायला तुमच्यात ताकद नव्हती. आन् मला हितं ठेवायला पाच लिटर पानी दोन जिनं वर आनलंत."

अरबाजनं घरमालकाला फोन लावून होकार कळवला. चाची भिंतीला धरून उठली आणि जिन्याकडे निघाली. खुर्चीत बसवून उतरवायला अरबाज माणसं बोलवणार होता, ती नको म्हणाली. बसून एकेक पायरी ती सरकत उतरली, अरबाज खाली, मी वर. पंचवीस मिनिटं लागली. दर पायरीला ती कण्हत होती, पण थांबली नाही. दिगंबर काका गिरणीच्या दारात आले होते. काय मदिनाबी, निघालात का, त्यांनी विचारलं. व्हय, आमच्या मानसांकडं, ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.

चाचा नऊ दिवस कसब्यात एकटे राहिले. खानावळीचं जेवले, स्वतःचे कपडे हापशावर धुतले. दहाव्या दिवशी दुकान बंद करून ते बसनं कोंढव्याला आले. आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत म्हैस भेटली का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता ते तिथंच असतात. सकाळी चाची लिफ्टनं उतरून हातगाडीशी जाते, एकेक वांगं दाबून बघते, पाव तास लावते. चाचा मागं पिशवी धरून उभे. दुकानात आले की गिऱ्हाइकांना ऐकवतात, कसब्यात राहिलंय काय? गिऱ्हाइकं त्यावरही विश्वास ठेवतात.

डाळीचंही सांगून टाकते. कोंढव्याच्या पाण्यात ती शिजते, पण कसब्यापेक्षा दहा मिनिटं जास्त घेते. चाचांनी घड्याळ लावून मोजलं आणि म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो. चाचीनं त्यांच्या हातात पिशवी दिली आणि लिफ्टचं बटण दाबलं.