चाचा उभेच राहिले

कृषी केंद्रापुढून जाताना औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास आला, की मला वडनेर भोलजीतली एक दुपार आठवते. त्या वर्षी बीटी कपाशीचं बियाणं कित्येक शेतांत उगवलंच नव्हतं. शेतकरी रिकाम्या पिशव्या घेऊन आमच्या छोट्या संस्थेत यायचे आणि मी त्यांच्या तक्रारींची यादी थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचे. कागदावर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहणीला कृषी खात्याचं पथक येणार होतं आणि यादीतलीच शेतं बघणार होतं. नेमका तेव्हाच मी लिनक्सवर, ही यादी ज्यात होती त्या डेटाबेस प्रोग्रामचा अपडेट लावला आणि मध्येच लाईट गेली. ती परत आली, पण डेटाबेस काही केल्या उघडेना. फोन केल्यावर नांदुऱ्याचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चाचा स्कूटरवर आले. पडद्यावरची ओळ न् ओळ वाचून म्हणाले, "रडून काऊन राह्यली बेटा? प्रोग्राम अर्धवट बसला हाये. तुह्या यादीले काई झालं नाई, ते अलग जागी हाये." मी खुर्ची रिकामी करू लागले, तर म्हणाले, "बस. तूच कर, मी सांगतो." त्यांनी आधी यादीची नक्कल सीडीवर घ्यायला लावली, मग अर्धवट बसलेला प्रोग्राम काढून नव्याने बसवायला. ते एकेक अक्षर सांगत होते, मी टाइप करत होते. यादी उघडली, सगळी नावं जागेवर होती. दुसऱ्या दिवशी पथक त्या शेतांतून फिरलं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या याच कामावर माझं पोट चाललं. त्या दिवशी चाचा स्वतः खुर्चीवर बसले असते, तर त्यांनी ते काम पाच मिनिटांत उरकलं असतं. माझ्यासाठी ते तासभर उभे राहिले.