शेंदराखालचा जोड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, याचं उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या मारुतीच्या गुरवकाकांचे. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी मला तालुक्याला आणलं, तेव्हा काकांनी देवळामागची खोली उघडून दिली आणि मॅट्रिक होईपर्यंत आपल्या ताटातली भाकरी मोडून दिली. मी गाभारा झाडायचा, समया घासायच्या आणि अभ्यास करायचा, एवढाच करार. पुण्याला इंजिनिअरिंगला जा, असं म्हणणारे पहिले तेच. आमच्या घराण्यात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

त्या देवळातली एक सकाळ मला पुढे फार उपयोगी पडली. मारुतीवर शेंदराचे थर इतके चढले होते की डोळे बुजत आले होते, आणि पायाशी ओल दिसायला लागली होती. दगडाला चीर गेली असावी, असा काकांना संशय. गावकरी म्हणाले, "देवाला कुठं खरवडायचं असतं?" काकांनी वाद घातला नाही. तांब्यात पाणी घेतलं, वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि देव तांब्यात घेतला. मग करवंटीनं शेंदूर उतरवायला बसले.

"काका, आता मारुती कुठंय?"

"तांब्यात. धक्का लावू नकोस, सांडेल."

दगड धड निघाला. ओल फरशीखालून येत होती. मी म्हणालो, "मग उगीचच खरवडलं की." काका करवंटी पुसत म्हणाले, "उगीच कसं? मला आता झोप लागेल."

पदवी घेऊन मी पिंपरीत एका नव्या कारखान्याच्या उभारणीवर लागलो, वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून. चारी बाजूंना ज्वारीची रानं आणि मधे लोखंडी सांगाडे, अशी तेव्हाची पिंपरी. चिंचवडला खोली बघायला गेलो, तर घरमालकीण 'इन्स्पेक्टर' ऐकून दारच उघडेना. मी लोखंड तपासतो, माणसं नव्हे, हे तिला पटायला वेळ लागला.

हा इन्स्पेक्टर शेवटी येतो आणि जोड बरा की वाईट ते सांगून जातो, असा पुष्कळांचा समज असतो. माझं काम ठिणगी पडायच्या आधी सुरू होई. पत्र्याच्या कडा घासून स्वच्छ केल्यात का, दोन कडांमधली फट सारखी आहे का, वेल्डिंगचे रॉड कोरडे आहेत का, हे आधी बघायचं. पहिला थर मी पाहिल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. शेवटचा थर दिवसाच्या उजेडात तपासायचा. मग टाकीत पाणी भरून, पंपानं दाब चढवून, कुठे पाझरतं का ते बघायचं. एवढं झालं की सही. ही सही झाली की त्या टाकीजवळ उभं राहणारा माणूस आपल्या भरवशावर उभा राहतो, हे मी पक्कं ओळखून होतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मोठ्या टाकीत पहिल्यांदा वाफ सोडायची होती. टाकीची पाण्याची चाचणी झाली होती. पण ऐन वेळी तळाची तोटी नळाशी जुळेना, म्हणून ती कापून अष्टमीच्या संध्याकाळी पुन्हा जोडली. पहिला थर मी पाहिला. शेवटचा सकाळी पाहणार होतो.

सकाळी येऊन बघतो तो खंडेनवमीची पूजा उरकलेली. हत्यारं मांडलेली, झेंडूच्या माळा, फुटलेले नारळ. आणि त्या नव्या जोडावर सगळीकडून तेलात कालवलेला शेंदूर चोपडलेला. आत काय आहे ते दिसायची सोय नव्हती, आणि बारीक भोक असलं तरी त्या लेपात बुजलं असतं.

शेंदूर लावला होता मिस्त्रींनी, म्हणजे ज्यांनी तो जोड केला त्यांनीच. थेरगावचे, लष्करी वर्कशॉपमध्ये शिकलेले, आमच्याकडचे सगळ्यांत चांगले वेल्डर.

"मिस्त्री, जोड बघायचा राहिलाय माझा."

"आता कसा बघनार सायेब? द्येव बसलाय त्येच्यावर."

पुण्याचे फोरमन मागे उभे होते. "अहो राव, हाताएवढा जोड तो! सही करा आणि पेढा खा. आज हत्याराला हातसुद्धा लावायचा नसतो."

"पंपाची पूजा झालेली दिसत नाही," मी म्हणालो. "तो कोठीतच आहे."

लोक हसले, पण मिस्त्री हसले नाहीत. तेवढ्यात मुख्य साहेब आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या वाफ सोडायचीच आहे. तुम्ही नवे आहात, अजून कायम झालेला नाहीत. जरा समजुतीनं घ्या."

"उद्याच सोडू, साहेब. आज जोड बघितला, पाणी भरलं, की लगेच सही करतो. न बघता नाही करणार."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग तुमचं तुम्ही बघा. पण माणसं बिथरायला नकोत."

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "तुमच्या हातावर माझा संशय नाही. पण उद्या-परवा कुठेही थेंब दिसला, तरी हीच माणसं म्हणतील, भोक झाकायला शेंदूर लावला होता."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "आसं म्हनतील?"

फोरमन लांबून म्हणाले, "म्हणतील काय, मीच म्हणेन!"

"म्हना की! तुमाला काय काम हाय दुसरं?" मिस्त्री उसळले. मग हळूच मला म्हणाले, "पन द्येव पुसायचा कसा, सायेब?"

"पुसायचा नाही. तांब्यात घ्यायचा." मी त्यांना काकांची रीत सांगितली. देवळात वाढलोय म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला. त्यांनी स्वतः तांब्या भरला, पानं आणि नारळ ठेवला, हात जोडले. पूजेतलीच एक करवंटी घेऊन शेंदूर त्यांनीच उतरवला. मी रॉकेलच्या फडक्यानं जोड लख्ख पुसला आणि बॅटरी घेऊन आडवा झालो.

जोड देखणा होता. एकसारखा, कुठे खाच नाही, भोक नाही.

टाकी पाण्यानं भरत आली, तेव्हा मिस्त्री तांब्या घेऊन शिडीवर चढले. "ह्ये पानी बी आत जाऊ द्या," म्हणाले आणि वरच्या तोंडातून त्यांनी तो ओतला. मग आम्ही दाब चढवला. काटा ठरलेल्या जागी थांबला आणि तिथेच राहिला. मिस्त्री उकिडवे बसून जोडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी तळहात जोडाखालून फिरवला आणि फोरमनच्या पुढे धरला.

"बगा. वलं हाय का?"

"न्हाई बाबा, न्हाई," फोरमन त्यांच्याच बोलीत म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला.

सही करून खोलीवर आलो आणि काकांना पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप काकांस, साष्टांग नमस्कार.

आज कारखान्यात तुमच्या मारुतीची फार आठवण झाली. एका जोडावरचा शेंदूर उतरवायचा होता. तुम्ही केलंत तसंच केलं, मंत्र तेवढा मला येत नव्हता. इथल्या मिस्त्रींनी नुसते हात जोडले. तेवढं चालतं का, ते कळवा. त्यांना सांगायचं आहे. जोड धड निघाला. उद्या वाफ सुटेल तेव्हा मी त्याच्याशेजारी उभा राहणार आहे. दिवाळीला येईन, तेव्हा समया मी घासणार, आधी कोणाला घासू देऊ नका.

आज मलाही झोप लागेल."