आमच्या गावचं निरंक

पंचायत समितीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा मी पहिला शब्द शिकलो तो ‘निरंक’. वरून माहिती मागवली आणि आपल्याकडे तसं काही नसलं, की रकान्यात निरंक लिहायचं. शून्य लिहिलं तर त्याच्या आधी कुणीही आकडा लावील, असं साहेब म्हणत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरकारी कागदावर आपल्या हातचं अक्षर जातं, याचंच मला अप्रूप.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. एकदा वरून छापील तक्ता आला. गावात मनाने आजारी माणसं किती आणि त्यांच्यासाठी सरकारने काय करावं, हे लोकांना विचारून भरायचं होतं. खाली ‘गावकऱ्यांच्या सूचना’ अशी मोकळी चौकट होती. सरकार आपल्या माणसांना विचारतंय, या गोष्टीने मी भारावून गेलो आणि माझ्या वाट्याची गावं सायकलवर पालथी घातली. सगळीकडे उत्तर एकच, कुणी नाही. नाव सांगितलं तर पोलीस येतील, अशी लोकांना धास्ती. ती अगदीच खोटी नव्हती. वेड्यांच्या इस्पितळात माणूस पाठवायचा तर तेव्हा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. मी निरंक लिहून पुढे जाई.

शेवटचं गाव माझंच, पिंगळी स्टेशनापासून तासाभरावर. चावडीत मला घोंगडीवर बसवून कपबशीतून चहा दिला. आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला हे नवलच होतं.

“येडं एक हाय गावात,” सरपंच म्हणाले. “एवढं शिकून सायकलवर येडे मोजत फिरायलंय.”

सगळे हसले. मीही हसलो आणि निरंक लिहिलं.

“लेकरा, माझी लेक कुठं लिहिलीस?”

चावडीच्या पायरीखाली आमच्या शेजारची काकी उभी होती. तिची लेक म्हणजे आमची आक्का. ती चौथी शिकलेली होती. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं तिनेच शिकवली, परातीत राख पसरून, माझं बोट धरून.

“आक्का सासरी हाय ना, काकी?”

“सासरी कुठली. लेकरू गेलं तवापासून तिचं चित्त थाऱ्यावर न्हाई. त्यांनी आणून सोडली. चार वर्सं झाली, मागच्या खोलीत हाय. बाहेरून कडी लावतो.”

ती खोली आमच्या घराच्या भिंतीला लागून. कॉलेजच्या चारही वर्षांच्या सुट्ट्यांत मी त्याच भिंतीला टेकून अभ्यास केला होता. पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं की आई म्हणायची, काकी ओव्या म्हणायलीय.

घरी गेलो तर आई दारातच होती. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

“तुझी परीक्षा होती,” ती म्हणाली. “तुला कळलं असतं तर तू पुस्तक मिटलं असतंस.”

काकीने कडी काढली. आक्का भिंतीशी बसली होती. केस कापलेले, हात फार बारीक. तिने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण माझ्या हातातला कागद तिने ओढून घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला.

“नि-रं-क. म्हंजी काय?”

“कुणी न्हाई.”

“म्हंजी मी न्हाई?”

मी खालची चौकट दाखवली. “आक्का, सरकार विचारायलंय, तुला काय पायजे.”

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “कडी आतून पायजे.”

मी निरंक खोडलं, ‘एक’ लिहिलं आणि चौकटीत तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “सगळा तालुका निरंक आणि तुमच्याच गावात एक? आणि ही सूचना आहे की सुतारकाम?” त्यांनी लाल पेन्सिल फिरवली. वर पाठवायची स्वच्छ प्रत करायचं काम माझं होतं. नोकरी नवी होती. मी आमच्या गावापुढे माझ्या वळणदार अक्षरात निरंक लिहिलं. ते अक्षर आक्काचंच होतं, हे लिहून झाल्यावर ध्यानात आलं.

रविवारी परभणीच्या बाजारातून कडी घेतली आणि सुताराला घेऊन गावी गेलो. त्याने ती आतून बसवली. बाहेरची काढायला काकी तयार होईना. पण आक्का नव्या कडीवरून बोट फिरवत राहिली, ते पाहून काकीनेच बाहेरची उपटून घ्यायला सांगितली. सुतार बाहेर पडला तसं आक्काने दार लोटलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. काकी, आई आणि मी बाहेर उभे. काही वेळाने काकीचा धीर सुटला, म्हणून मी दार वाजवलं.

“कोण हाय?” आतून आवाज आला.

चार वर्षांत हे विचारायची वेळ तिच्यावर आली नव्हती. दार कधी उघडायचं, ते आम्हीच ठरवत होतो. मी नाव सांगितलं.

“थांब,” ती म्हणाली.

आम्ही तिघंही थांबलो.