झोपलेल्या बाळांचे दाजी

आमच्या दाजींइतका झोपलेल्या माणसांत रमणारा जागा माणूस सातारा-सांगलीत दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मिरजेच्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या मेंदूचे डॉक्टर. मूळ गाव वडूजकडचं, घराणं मेंढरं राखणारं. मेंढरांच्या जागी बाळं आली एवढाच फरक, असं ते स्वतःच सांगतात. बारशाला गेले की पंगत सोडून पाळण्याशी बसतात आणि बाळाच्या पापण्या कशा थरथरतात, बोटं कशी उडतात, ते टक लावून बघतात. एकदा कऱ्हाडात हे बघणं इतकं लांबलं, की बाळाच्या आजीनं घाबरून काजळाची डबी आणली. "आवं पाव्हणं, एवढं बघू नगा," म्हणत बाळाला आणखी एक तीट लावली. दाजी तिलाच समजावू लागले, "आजी, ते नुसतं झोपलेलं न्हाई. आत मेंदू तारा जोडतोय, आन् जोडल्या का ते हात हलवून बघतोय." आजीनं पुढची तीट दाजींना लावली.

मला ते विशेष प्रेमानं छळतात. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील पत्रकं काढायचे, आई घड्या घालायची आणि मी अक्षरं गिरवली ती 'निषेध' या शब्दावर. पाण्याचा प्रश्न असो की एसटीच्या थांब्याचा, मी पत्रक काढतो. लोक त्यात भजी बांधून नेतात, तरी काढतो. दाजींचं यावरचं निदान असं: "मोठ्यांच्या मेंदूत गाबा नावाचं रसायन असतंय. ते पेशींना सांगतंय, गप. कोवळ्या मेंदूत तेच रसायन बऱ्याचदा उलटं सांगतंय, ऊठ, बोल! त्या गलक्यातनंच जोडण्या बनत्यात. पुढं पेशी बदलत्यात आन् त्याच निरोपानं गप बसाय लागत्यात. तुझं ते पुढचं राहूनच गेलंय गड्या. तुला कुणी शांत हो म्हणलं की तू पेटतोस."

मी अर्थातच पेटलो.

मग ताईची मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली आणि दाजींच्याच इस्पितळात काचेच्या पेटीत आली. भेटीच्या वेळी मी बघतो तर झोपेत तिचे हातपाय झटके आल्यासारखे उडत होते. "हिला फिट येतेय, औषध द्या!" मी ओरडलो. "डॉक्टरांना कळवलंय. तुम्ही शांत व्हा," सिस्टर म्हणाल्या. झालं! समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या मी पत्रक लिहिलं, 'बाळ झटक्यांत, यंत्रणा झोपेत!' आणि पहिलीच प्रत इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात कोंबली. ते दाजी होते.

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "मथळा झ्याक हाय," म्हणाले.

"मग शांत करायचं औषध का देत नाही?"

"फिट असली तर देतीलच की. पण त्यातली बरीच औषधं गाबाच्याच वाटेनं जात्यात, आन् एवढ्या कोवळ्या मेंदूत ती वाट भरवशाची न्हाई. आधी फिट हाय का झोप, ते ठरू दे. डोक्याला तारा लावल्यात, मेंदूचा आलेख निघतोय."

"तुम्हाला नुसतं बघून कळत नाही? आख्ख्या जिल्ह्याची बाळं बघता की!"

दाजी पत्रकाची घडी घालू लागले. "दुसऱ्याची पोर असती तर सांगितलं असतं. स्वतःच्या पोरीकडं बघितलं की मला कायच दिसंना रं. म्हणून आमच्या मोठ्या मॅडमना बघाय सांगितलं आन् हितं येऊन बसलो." मी उरलेल्या प्रती पिशवीत कोंबल्या आणि शेजारी बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी यंत्रणेच्या निकालाची वाट बघू लागलो.

मॅडम स्वतःच बाहेर आल्या. "आलेख वयाला साजेसा आहे. मध्येच लाट, मध्येच शांतता. फिट नाही. हात झोपेतच उडतोय, आणि हलकेच धरला की थांबतोय; फिटचा झटका असा थांबत नाही." दाजींनी मान हलवली, चष्मा पुसला आणि मग पत्रकानं नाकही पुसलं. माझ्या लेखनाचा इतका मनापासून उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

पोर आता धरून उभी राहते. परवा गेलो तेव्हा दुपारची झोपली होती आणि दाजी उशाशी बसले होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आता हात फारसा उडत न्हाई हिचा. बऱ्याच तारा जोडून झाल्या म्हणायच्या."

"चांगलंच आहे की."

"हाय की. चांगलंच हाय," दाजी म्हणाले. पण तिथून उठले मात्र नाहीत.