गोळ्यांचे वाटे

भागी दिसायच्या आधी ऐकू यायची. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली पेणला रामवाडीत आमचं तपासणी केंद्र होतं. गेटाबाहेर तिचा आवाज आला की आमचे दिनानाथ डॉक्टर चष्मा पुसायला घ्यायचे. मी तिथली नर्स. मी कुणाला घाबरणारी नव्हे, पण भागी आली की मीही उगाच पदर सारखा करायची.

गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. त्यावर लोहाची नवी गोळी चांगली की जुनीच बरी, हे आम्ही तपासत होतो. त्यासाठी बायका निवडल्या होत्या खाडीकडच्या गावांतल्या, शेतीवाल्यांच्या आणि मिठागरवाल्यांच्या. कातकरी वाड्या मुद्दाम वगळल्या होत्या. दिवाळी झाली की ही माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मग पुढची तपासणी करायला त्यांना हुडकायचं कुठे, असं मुंबईच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं.

भागीची कातकरी वाडी रोह्याजवळ, वरसे गावाच्या पलीकडे. आदल्या वर्षी तिची थोरली लेक गिरजी बाळंतपणात गेली होती. धाकटी दर्शना आता चौथ्या महिन्यात होती आणि बहिणीसारखीच पांढरी पडत चालली होती. म्हणून भागी एसटीत बसून पेणला आली.

"आमच्या बायांना का नाय बघत? आमच्यात रगत नसतं व्हय?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"अगो, तुम्ही भट्टीवर निघून जाता," मी म्हटलं.

"भट्टी काय इलायतेत हाय? मी निरोप धाडीन ना कंच्या भट्टीवर हाये त्यो!"

दोन-तीन खेपांनंतर डॉक्टर नमले. मुंबईला पत्रं गेली आणि भागीच्या वाडीतल्या गरोदर बायका अभ्यासात आल्या. काहींना लाल पाकिटातली नवी गोळी, काहींना पिवळ्या पाकिटातली जुनी. जिच्या पाकिटातली गोळी तिनेच खायची, असं मी तीनतीनदा बजावलं. सगळ्या एका सुरात "व्हय व्हय" म्हणाल्या.

महिन्याभराने मी डॉक्टरांबरोबर वाडीत गेले तर अंगणात सूप, आणि सुपात सगळ्या गोळ्या एकत्र ओतलेल्या. भागी पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे घालत होती. रानात एकाला ससा गावला तरी वाडीतल्या प्रत्येक घराचा वाटा पडतो, तसेच हे वाटे. सासवांना एक, बिनलग्नाच्या पोरींना एक. गरोदर बाईला मात्र दोन. एक तिचा आणि एक पोटातल्या पोराचा.

मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं ते कळेना. आणि डॉक्टर तर लालबुंद झाले.

"सगळं मुसळ केरात! कुणी कुठली गोळी खाल्ली, आता काय कळणार? ही वाडी काढून टाका."

भागीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"चुकलं, सायेब. पन शेजारीन बगत बसली असताना माजी पोर एकटी कशी खाईल? घास उतरंल तिच्या गल्यातून?" मग म्हणाली, "गिरजी गेली तवा तिच्यात रगत किती व्हतं, कुनी इचारलं नाय. दर्शनाला काडू नका."

मला रडू आलं. नर्सला रडू येऊ नये असं काही कुठे लिहिलेलं नाही.

डॉक्टर जीपमध्ये जाऊन बसले. परतीच्या वाटेवर जीप नागोठण्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "वाटे काही आपल्याला थांबवता येणार नाहीत. मग वाटे पडले तरी बिघडणार नाही असं करू. ही आख्खी वाडी नव्या गोळीवर आणि खांब गावाजवळची दुसरी वाडी जुनीवर. आणि गरोदर नसलेल्यांनाही गोळ्या देऊ. म्हणजे पोटुशीच्या तोंडचं कमी व्हायला नको."

मुंबईकरांनी कुरकुर केली, पण ऐकलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दिवाळीनंतर वाडी ओस पडली. भागीने मात्र शब्द पाळला. विटांच्या ट्रकवाल्यांकडून तिचा निरोप यायचा, की अमक्या गावच्या भट्टीवर हाये, या. आम्ही जायचो. विटांच्या थप्प्यांच्या आडोशाला बायका रांगेत बसायच्या आणि मी बोटाला सुई टोचून थेंब घ्यायची.

दर्शनाला नववा लागला तेव्हाची शेवटची तपासणी अशाच एका भट्टीवर झाली. तिचं रक्त छान वर आलं होतं. गालांवर विटांची धूळ होती, तरी खालची लाली लपत नव्हती.

"आता काळजी नको गो," मी भागीला म्हटलं. "रोह्याच्या दवाखान्यात जागाही सांगून ठेवलीय."

नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारी ही बाई आता नुसती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी सामान आवरायला घेतलं, तेव्हा तिने लुगड्याला हात पुसला आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"माजंबी घे."

"तुझं कशाला? या वयात तुला दिवस गेलेत की काय?"

सगळ्या बायका हसल्या. भागी हसली नाही.

"माज्यासाटी नाय गो बाय. गिरजीच्या नावानं घे. तिचं तेवडं मोजायचं ऱ्हायलं."

आमच्या अभ्यासात त्या थेंबाला कुठेच जागा नव्हती. मी नवी सुई काढली आणि तिचं बोट हातात घेतलं.