पोळ्याला गिनीपिगाला पुरणपोळी चारली त्याची गोष्ट

"जीआय स्टॅसिस है चाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आतडी हलायची थांबली. वरून गेलेलं खाली सरकत नाय, पोटात गॅस धरतो, आन् वेळेत इलाज झाला नाय तर असा बारका जीव लवकर जातो.

क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात टेबलावर आमच्या सूनबाईचा गिनीपिग पडला होता. नाव बटाटा. उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपूट नाय. अंग फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

सूनबाई, म्हणजे रंजना, माहेरी गेली होती. जाताना बजावून गेली, "मामा, गवत अन् पाणी. दुसरं काय बी देऊ नका."

मी म्हणालो, "बैलं सांभाळलीत मी. मला शिकवू नको."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटा गवताला तोंड लावीना. पिंजऱ्यात एक लेंडी नाय. मी शाळा जास्त शिकलो नाय, पण जनावराची लेंडी बंद झाली की काय असतं ते मला कळतं. रिक्षा केली.

"क्या खिलाए चाचा?" बाईंनी विचारलं.

"गवत."

"सिर्फ गवत?"

"व्हय."

एक्स-रे काढला. पोटात नुसते काळे फुगे. बाई म्हणाल्या, "गवतानं एवढा गॅस होत नाही. बाहेर बसा, आठवून सांगा. खरं कळल्याशिवाय मी औषध कसं ठरवू?"

बाकावर बसलो. आठवायचं काय त्यात? पण बोलायला जीभ उचलेना. सात मिनिटं गेली का सत्तर, ठाव नाय. आतून बटाट्याचं कण्हणं ऐकू आलं तसा उठलो.

"बाई, पुरणपोळी चारली. चतकोर. तूप लावून. आधी कुंकू लावलं."

"अरे चाचा! पोळा बैलों का रहता!" बाईंना हसू आलं.

"जमीन गेली, बैलं गेली. दारातल्या जनावराच्या तोंडात घास दिल्याबिगर त्या दिवशी मला जेवण जात नाय. घरात जनावर हेच. मंग कुणाला चारू?"

बाई हसायच्या थांबल्या. कागदावर लिहून घेतलं.

कातडीखाली सलाईन दिलं, गॅसचं औषध दिलं. घरी सिरिंज फीडिंग करायचं. म्हणजे बिनसुईच्या पिचकारीनं भिजवलेल्या गवताचा लगदा गालाच्या बाजूनं थोडा थोडा द्यायचा. घशात सरळ सोडायचा नाय, छातीत जातो.

पहिल्या दिवशी त्यानं सगळा लगदा माझ्या सदऱ्यावर थुंकला. मी म्हणालो, "हट्टी हायस. पण म्या बी हाय."

दुसऱ्या दिवशी बी पिंजऱ्यात अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर लेंडी नाय. मंग रंजनाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही कायतरी चारणार हे मला ठाऊकच होतं. पण पुरणपोळी?" संध्याकाळच्या बसनं आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओरडली, "मामा, लेंडी!" वाकडी, बारकी, काळी. मी चष्मा लावून पाहिली. शेजारीण धावत आली, तिला वाटलं घरात लग्न ठरलं.

त्या डॉक्टरीणबाईंचं भलं होवो. तुमच्या घरी असा जीव असेल तर ध्यानात ठेवा. खाणं आन् लेंडी बंद दिसली की वाट पाहू नका, उचला आन् न्या. काय चारलं ते पहिल्या झटक्यात सांगा. लाज तुमची असती, पोट त्याचं असतं.

परवा गावाकडून धाकट्या भावाचा फोन. "दादा, गाय फुगलीय. काय पाजू?"

म्हणालो, "मला नाय कळत. डॉक्टरला बोलीव."

तिकडून म्हणतो, "कोण बोलतंय? जरा दादाला द्या की फोन."