घरजावई क्लॉज

इंग्रजी व्याकरणाने आजवर जेवढी माणसं छळली असतील, त्यांतली निम्मी माझ्या बायकोच्या मामांच्या हातून छळली गेली आहेत. तरी त्यांचा रविवारचा वर्ग मी बंद केला ती चूकच होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं हसत लिहायची मला लाज वाटेल.

मामा मराठी, पण जन्माने कोलकात्याचे, बागबाजारात राहणारे, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. जगात त्यांना दोनच जाती मान्य, फ्रेज आणि क्लॉज. "फ्रेज म्हणजे सडाफटिंग," ते सांगतात. "चार शब्द एकत्र बसले, पण संसार नाही. क्लॉजमध्ये कर्ता असतो, क्रियापद असतं, चूल पेटलेली असते. त्यातल्या एखाद्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. संसार आहे, पण सासऱ्याच्या माडीवर. तो घरजावई." हे सांगताना ते माझ्याकडे का बघतात ते मला चांगलं कळतं. बँकेने इथे बदली केल्यावर आमचं बिऱ्हाड बराच काळ मामांच्याच माडीवर होतं.

बसमध्येही सुटका नाही. एस्प्लनेडला कंडक्टर ओरडला, "आस्ते लेडीज, कोले बाच्चा." म्हणजे हळू, बाई उतरतेय, कडेवर मूल आहे. मामा पायरीवरच थबकले. "बघा जावईबापू, एक क्रियापद नाही, तरी बस थांबली." मागे खोळंबलेली माणसं बंगालीत जे बोलली त्यात क्रियापदं भरपूर होती. एकदा मी तापाने फणफणलो होतो. डॉक्टरांना म्हणालो, "हाय फीव्हर सिन्स लास्ट नाइट." उशाशी बसलेले मामा म्हणाले, "ही नुसती फ्रेज झाली. ताप करतो काय? येतो, जातो, की मुक्काम ठोकून आहे?" आणि डॉक्टरांनीही मला नेमकं तेच विचारलं.

दर रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या खोलीत ते आम्हा मराठी मंडळींच्या मुलांना हे सगळं मराठीतून शिकवत. मी मंडळाचा कार्यवाह झालो आणि मला सुधारणेचा झटका आला. मुलं कॉन्व्हेंटात जाणारी, त्यांना हे चूलबोळक्याचं व्याकरण कशाला? मी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या एका तरुण बाई आणल्या. मामांना सांगायचा धीर होईना, म्हणून खोलीला रंग लावायचाय अशी थाप मारली. मामा काही रविवार "वाळला का?" असं विचारत राहिले. मग विचारेनासे झाले.

पुढे एका मुलीच्या आईने मला मंडळातच गाठलं. "अहो कार्यवाह, इंग्रजी तर ती झोपेतही बोलते. मामांकडून आली की आजीशी फोनवर मराठीत भांडायची. आता हॅलो म्हणते आणि फोन माझ्या हातात देते." या पोरांच्या वाट्याला घराबाहेर मराठीचा तेवढा एकच तास होता, आणि तो मी इंग्रजी सुधारण्यासाठी मोडला होता.

मी बागबाजारला गेलो. "मामा, ते रंगाचं..." एवढंच बोललो.

"रंग लावला नाहीत, ठाऊक आहे," मामा म्हणाले. "येऊन गेलो एकदा. खिडकीशी उभा राहून ऐकलं. बाई बऱ्या शिकवतात." आणि त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.



"मी तुम्हाला बाहेर उभं केलं, मामा," मी म्हणालो. "माझं चुकलं."